पणजोबांचं नाव लपवायचं कशाला?

जून महिना उजाडला की आपल्याकडे घराघरांत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. कुणाच्या मुलीची पॉलिटेक्निकची अ‍ॅडमिशन असते, कुणाचं नर्सिंग, कुणाच्या मुलाची स्कॉलरशिप. मग जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, वंशावळ, शपथपत्र असा सगळा खेळ सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर एखादी वहिनी उभी राहायची म्हटली तरी हेच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. जे घर एरवी आजोबांच्या पलीकडचं नाव सांगू शकत नाही, त्या घराला अचानक पणजोबा शोधावे लागतात. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा तर मोडी वाचणाऱ्या माणसांना कधी नव्हे तेवढा भाव आला होता!

पण मैत्रिणींनो, या शोधात नुसती जात सापडत नाही, माणूसही सापडतो. आणि तो नेहमी फोटोला हार घालण्यासारखाच असतो असं नाही. कुणाच्या पणजोबांनी सगळी जमीन सावकाराकडे गहाण टाकलेली असते. कुणाचा आजा तुरुंगात जाऊन आलेला असतो. कुणाच्या चुलत आजीच्या नावापुढे ‘विहिरीत पडून मयत’ एवढंच लिहिलेलं असतं. घरातली मोठी माणसं मग पटकन म्हणतात, ‘‘दाखल्यापुरतं घे आणि कागद ठेवून दे. पोरांना काही सांगू नको.’’

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. पोरांना सांगायला हवं. पण कागद जसा आहे तसा वाचून दाखवला म्हणजे सांगून झालं, असंही नाही. तो कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय लिहिलंच नाही, हेही सोबत सांगायला हवं.

मी चिंचोळी एमआयडीसीच्या भागात बचत गटांचं आणि कामगार बायकांचं काम करते. पुणे रस्त्यावरच्या या वसाहतीत टॉवेलच्या, कपड्यांच्या आणि इतर कारखान्यांत कामाला कितीतरी बायका सोलापूर शहरातून येतात. कुणी सिटी बसने, कुणी रिक्षात दाटीवाटीने बसून. त्यातल्या काही जणी पत्ता सांगताना नुसतं ‘‘सेटलमेंटला’’ म्हणतात. सोलापूरकरांना हा शब्द इतका सवयीचा आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारावंसंही कुणाला वाटत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘फ्री’ म्हणजे मोकळी. पण मोकळी कशापासून?

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता. १९११च्या कायद्याने तो देशभर लागू करायची सोय झाली आणि १९२४मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला. सरकारने एखाद्या जमातीचं नाव यादीत टाकलं की त्या जमातीतल्या माणसांची नोंद करता येई, त्यांच्या बोटांचे ठसे घेता येत, ठरल्या वेळी हजेरी लावता येई. परवानगीच्या पासाशिवाय हद्द ओलांडली की शिक्षा. काहींना कुटुंबासह तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत आणून ठेवलं जाई. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत ठेवण्याची तरतूदसुद्धा त्या कायद्यात होती. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींच्या वाट्याला हा शिक्का आला.

सोलापूरची सेटलमेंट ही त्यातलीच एक मोठी वसाहत. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या काळी सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. १८७७ सालची ती जुनी मिल, पुढे आणखी गिरण्या आल्या. त्यांना माणसं हवी होती आणि कुंपणात माणसं होती. सकाळी भोंगा झाला की गिरणीत, संध्याकाळी परत कुंपणात आणि हजेरी. स्वातंत्र्य मिळालं १५ ऑगस्ट १९४७ला, पण हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ला. पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. बाकीच्या देशाला स्वातंत्र्य एका रात्रीत मिळालं, या लोकांना ते पाच वर्षं उशिरा पोचलं.

आमच्या गटातली एक ताई टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात आहे. मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी तिला सासरकडचा जुना पुरावा हवा होता. आपल्याकडे गंमत बघा, जात वडिलांच्या बाजूने मोजायची, पण कागद गोळा करत हिंडायचं काम आईने करायचं! ती दोन महिने अर्धी सुट्टी टाकून शाळा आणि ऑफिसं फिरली. शेवटी एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात आजेसासऱ्यांच्या मुलाचं नाव मिळालं. पालकाचा धंदा गिरणी कामगार, राहणार सेटलमेंट. काम झालं. ताईने देवापुढे साखर ठेवली.

पण नात्यातला एक मुलगा इतिहासाचा अभ्यास करतो. त्याने जुन्या सरकारी कागदांतून आणखी एक उतारा शोधून त्याची झेरॉक्स आणून दिली. तो इंग्रजीत होता, १९३०च्या दशकातला. मुलीनेच तो मोठ्याने वाचला. पणजोबांचं नाव, बापाचं नाव, पुढे ‘क्रिमिनल ट्राइब’ आणि शेवटी तीन गोष्टी: हजेरीला गैरहजर, पास नाही, दोन महिने सक्तमजुरी. मुलगी वाचता वाचता थांबली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘टाक ते चुलीत. आपल्याला काय करायचंय त्याचं?’’

ताई कागद घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, जाळायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून तर बघ. घरात आत्येसासूबाई होत्या. वय नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं, पण आठवण अगदी लख्ख. त्यांनी स्वतः ते पाहिलेलं नव्हतं, आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या बापाची आई गावाकडं मरणाला टेकली होती. सांगावा आला. ह्यानं पास मागितला, दोन दिवस दिला नाही. मग रात्रीच्याला चालत गेला. माती देऊन, दहावा करून आपल्या पायानं माघारी आला. त्यावर धरला.’’

आता बघा. कागदाने खोटं काही लिहिलेलं नाही. तो हजेरीला नव्हता, त्याच्याकडे पास नव्हता, हे खरंच. पण तो गेला एवढंच कागदावर आहे, का गेला आणि स्वतःहून परत आला हे नाही. कारण ते लिहिण्यासाठी त्या कागदात रकानाच नव्हता. आणि आत्याबाईंची आठवण कुठल्या कमिटीपुढे पुरावा म्हणून चालणार नाही, पण त्या एका आठवणीने कागदातला कैदी पुन्हा कुणाचा तरी मुलगा झाला. म्हणूनच मी म्हणते, नुसता कागद नको आणि नुसती आठवणही नको. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवं.

कुणाला वाटेल, सरकारी कागदच तो, त्यात लिहिलं तेच खरं. त्यांनी सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढे क्षणभर उभं राहावं. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरात मार्शल लॉ होता. मंगळवार पेठेतल्या दोन पोलिसांच्या खुनाचा खटला भरला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्या वेळच्या सरकारी दप्तरात हे चौघे खुनी म्हणून नोंदले आहेत. आज आपण त्यांना हुतात्मा म्हणतो, दर १२ जानेवारीला हार घालतो आणि ते योग्यच आहे. मग ज्याच्यावर खुनाचा काय, साध्या चोरीचासुद्धा आरोप नव्हता, फक्त आईला माती द्यायला गेला म्हणून जो दोन महिने खडी फोडत बसला, त्याचं नाव घरात कुजबुजत का घ्यायचं? दप्तर त्याच सरकारचं आणि शिक्का मारणारेही तेच. हे चौघे शहराचे झाले, म्हणून शहराने त्यांच्यावरचा शिक्का पुसला. पणजोबा फक्त आपले आहेत, तेव्हा त्यांच्यावरचा शिक्का आपणच पुसायचा.

जुन्या वर्तमानपत्रांचंही असंच आहे. त्यांत सभा-संमेलनांच्या बातम्या असतात तशा ‘अमुक जमातीची टोळी पकडली’ अशाही असतात. पकडल्याची बातमी येते, पुढे निर्दोष सुटल्याची कितीदा येते? आजही हे आपण बघतोच की. आणि एखादी बाई विहिरीत पडल्याची दोन ओळींची बातमी असली, की त्यात ‘पाय घसरून’ असतं. पाय घसरला की दुसरं काही घडलं, सासरी काय चाललं होतं, पदरात लेकरू होतं का, हे त्या दोन ओळींत मावत नाही. अशा एखाद्या आजीचं नाव तुमच्या घरात कुणी काढत नसेल, तर ते का काढत नाहीत हे एकदा तरी विचारा.

बायकांच्या बाबतीत तर आणखी अडचण आहे. जुन्या नोंदीत बाई सापडते ती अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून. लग्नात नाव बदललेलं, माहेर तुटलेलं. सेटलमेंटमधल्या बायकाही राबल्या, त्यांनी कुंपणात पोरं वाढवली, आणि नवरा शिक्षा भोगत असताना घर चालवलं. पण पुष्कळ घरांत आज पणजोबांचं नाव वंशावळीत आहे आणि पणजीचं नाव कुणालाच आठवत नाही. म्हणून वंशावळ लिहाल तेव्हा कमिटीला लागो न लागो, घरच्या वहीत बायकांची नावं लिहा. माहेरच्या नावासकट लिहा.

आता एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ‘‘पण ताई, खरंच चोरी केलेली असली तर? दारू पिऊन बायकोला मारणारा असला तर?’’ तर तेही तसंच्या तसं लिहावं. पूर्वज संत असायलाच हवा असा काही नियम नाही. पोटासाठी चोरी केली असेल तर पोटाला काय मिळत होतं ते बघावं. बायकोला मारलं असेल तर त्या बायकोचं नाव शोधावं, कारण ती पण आपली पूर्वजच आहे. झाकून ठेवल्याने पुढच्या पिढीला फक्त भीती मिळते, माहिती नाही. आणि पिढ्यान् पिढ्या झाकलेली गोष्ट भांडणात बरोबर बाहेर पडते, तीही शेजारणीच्या तोंडून!

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटनमधून दीड लाखाहून जास्त कैदी जहाजांनी तिकडे नेऊन टाकले. त्यांच्या मुला-नातवंडांनी कित्येक वर्षं ही गोष्ट लपवली, कैद्याचा वंश म्हणजे कलंक. पण पुढे हवा पालटली. लोक आवडीने जुनी रजिस्टरं चाळू लागले, आपला पूर्वज कुठल्या जहाजाने आला, काय चोरलं म्हणून आला हे शोधू लागले. आज घराण्यात असा कैदी निघाला तर लोक ते अभिमानाने सांगतात. २००७मध्ये युनेस्कोने त्या कैद्यांच्या नोंदींना जागतिक स्मृतीच्या यादीत जागा दिली. त्यांच्या पूर्वजांवर निदान भाकरीच्या चोरीचा का होईना, खटला तरी चालला होता. आपल्याकडे जन्माला येणं एवढाच गुन्हा पुरेसा होता. मग लाज कुणाला वाटायला हवी, नोंद झालेल्याला की नोंद करणाऱ्याला?

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा, कारण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. मग शाळा. आजोबा दुसरीत शाळा सोडून गेलेले असले तरी जनरल रजिस्टरात त्यांचं नाव असू शकतं, त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. गावाकडच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात म्हणजे गाव नमुना १४मध्ये असतात, त्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बघाव्या लागतात. जमीन असेल तर जुने फेरफार बघा. शहरातल्या नोंदी महापालिकेकडे. त्याहून जुने सरकारी कागद हवे असतील तर राज्याच्या पुराभिलेखागाराच्या कचेऱ्या मुंबईत आणि पुण्यात आहेत. वर्तमानपत्रांसाठी जुन्या वाचनालयांत चौकशी करा, जायच्या आधी साल-महिना माहीत असला तर बरं, नाहीतर माणूस त्या पिवळ्या पानांत हरवूनच जातो.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसतं, फक्त नाव, बापाचं नाव आणि जात असते. एकच माणूस एका कागदावर ‘सटवा’ आणि दुसऱ्यावर ‘सटवाजी’ असतो, इंग्रजीत तर ओळखूच येत नाही. आणि अक्षर मोडी असलं तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. नक्कल मिळाली की दोन प्रती काढा, एक दाखल्याच्या फाइलला आणि एक घरच्या वहीला.

आणि एक पथ्य पाळा. शोध आपल्या घराचा घ्यायचा. शेजारच्या घराण्याची नोंद हाती लागली म्हणून तिची बोळवण नळावरच्या गप्पांत करायची नाही. या कागदांनी माणसांना एकदा पुरेसं छळलं आहे, आपण पुन्हा त्याला हातभार लावू नये.

कारण तो शिक्का अजून पुरता गेलेला नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आपण ती पुस्तकं वाचून हळहळलो. सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८मध्ये विमुक्त-भटक्यांच्या स्थितीवर अहवाल दिला. तरीही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध निकाल दिला, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार समजण्यावर ताशेरे ओढले. म्हणजे कायदा जाऊन ७२ वर्षं झाली तरी रजिस्टरातला रकाना खोडायला सर्वोच्च न्यायालय लागलं. मनातला रकाना कोण खोडणार?

ते काम घरातच सुरू होतं आणि बहुतेक वेळा ते बाईच्याच हाती असतं. ट्रंकेतला कागद कुठला जपायचा, कुठला चुलीत घालायचा, कुठली गोष्ट मुलांना झोपताना सांगायची, हे आपणच ठरवतो. ज्या कागदाने एकेकाळी पणजोबांना बांधून ठेवलं, त्याच काळातल्या कागदावर आज पणतीच्या शिक्षणाचा हक्क उभा राहतो. मग तिला नुसता दाखला काढून देऊन थांबू नका. त्या नावाच्या माणसाने काय सोसलं आणि तो का चालत गेला, तेही तिला सांगा. कॉलेजात कुणी तिला पत्ता विचारला, तर तिने ‘‘सेटलमेंट’’ म्हणताना खाली बघू नये, एवढं तरी आपल्याला नक्की करता येईल.